चारखंडातलं पेक्टिन

फणसाच्या चारखंडातून, म्हणजे टाकून दिलेल्या सालपातीतून, पेक्टिन काढून ते विजेच्या जोरावर कागदावरून चालवून दाखवलं, ते मी. रत्नागिरीत माझ्याआधी हे कुणी केल्याचं मला ठाऊक नाही, आणि कुणाला ठाऊक असेल तर त्यानं खुशाल पुढं येऊन सांगावं. असं बोलले की लोक म्हणतात, बाईला फुशारकी फार. आहेच. मारण्याजोगी असली की मारावी, त्यात काय कुणाची चोरी आहे?

एकोणीसशे पन्नास सालानंतरच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी घरी परत आले, तेव्हा आळीत सगळ्यांना एकच काळजी, की आता हिचं करायचं काय. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांनी ही काळजी स्वतःला लावूनच घेतली नाही. मांडवीच्या अलीकडे त्यांच्या शाळासोबत्याचा आंबे-फणस डबाबंद करायचा छोटा कारखाना होता. वडील मला घेऊन तिथं गेले आणि सरळ म्हणाले, ही शिकून आलीय, हिला काम दे. मालकांना मी लहानपणापासून काका म्हणायची आणि ते मला बाय म्हणायचे. काकांनी डोकं खाजवलं, थोडा विचार केला आणि मला आमरसाचा आंबटपणा तपासायला बसवलं.

आंबटपणा तपासून मी कंटाळून गेले. त्यात खिडकीबाहेर रोज चारखंडांचा ढीग दिसायचा. कारखान्यात फणस यायचे ते गाड्यांनी आणि होड्यांनी. गरे काढून डब्यात भरायचे, आठळ्या बायका घरी न्यायच्या, आणि उरलेली काटेरी साल, आतली पाती, सगळं चारखंड मागच्या अंगणात टाकायचं. गाई खायच्या, पण गाईंनी तरी किती खायचं? शेवटी शेवटी त्यासुद्धा तोंड फिरवून जायच्या. माशा घोंघावायच्या. मला वाटायचं, एवढं वाया घालवायला आपण काय लक्षाधीश लागून गेलो आहोत?

पेक्टिन म्हणजे काय ते सांगते, घाबरू नका. जॅम घट्ट का बसतो, जेली थरथरते पण सांडत नाही, ती कशामुळे? पेक्टिनमुळे. फळांच्या सालींत ते असतं. साखरेसारख्या बारीक कड्या एकात एक गुंतून झालेली लांबच लांब साखळी, आणि त्यातल्या बऱ्याच कड्या आम्लाच्या. आपल्याकडे जॅम करणारे तेव्हा पेक्टिन परदेशातून आणायचे, आणि ते आणायला परवान्यांसाठी खेटे घालायचे. आणि इकडे आमच्या गाई त्याला तोंड लावत नव्हत्या.

मी काकांना म्हटलं, मला एक खोली द्या. रिकामे डबे ठेवायची एक खोली होती, ती त्यांनी मोकळी करून दिली. पण अट घातली, आणि ती रास्त होती. मुंबईचे एक जॅमवाले नमुना तपासायला तयार होते. त्यांनी तो पास केला, तर दरवर्षी माल घेणार, खोलीची कायमची प्रयोगशाळा होणार आणि मी कारखान्याची केमिस्ट. नापास झाला, तर खोलीत पुन्हा डबे आणि मी घरी. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या, त्याच्या आत काय तो निकाल लागायला हवा होता. मी एका पायावर तयार झाले.

काम ऐकायला सोपं आहे. चारखंड बारीक चिरायचं, आंबट केलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचं, मलमलीतून गाळायचं, आणि गाळलेलं पाणी स्पिरिटमध्ये ओतायचं. पाण्यात विरघळलेलं पेक्टिन स्पिरिटमध्ये राहत नाही, ते दोरे दोरे होऊन वर येतं. ते वेचायचं, वाळवायचं, कुटायचं. प्रत्यक्षात हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोपडूनसुद्धा फणसाचा चीक सुटत नसे. आणि ते दिवस दारूबंदीचे. स्पिरिटचा परवाना काढला, त्याच्या पिंपाला सील, सील तोडताना सरकारी माणूस हजर. आळीत बोलवा झाली, की कारकुनाची मुलगी पिंपानं दारू आणवते आणि तिच्यात फणस बुडवते. मी कुणाचं तोंड धरायला गेले नाही.

मलमलीची फडकी मात्र कारखान्यात धुऊन निघत नसत. तिथल्या विहिरीचं पाणी मचूळ, आणि चीक तर असा की साबणाला दाद देईना. म्हणून ती संध्याकाळी पिशवीत घालून मी घरी न्यायची आणि आई धुवायची. तेल लावून चीक सोडवायची, राखेच्या पाण्यात उकळायची, चार पाण्यांतून काढायची. आईच्या धुण्याची आळीत ख्याती होती. वडिलांचा कचेरीचा कोट आणि धोतर पाहून लोक विचारायचे, कुठल्या धोब्याकडे देता. आई कधी शाळेत गेली नव्हती. पण माझं कॉलेज सुरू होतं तोवर माझ्या लग्नाचा विषय घरात कुणी काढलेला तिनं खपवून घेतला नव्हता. मला कामाबद्दल ती फारसं विचारायची नाही. फडकी तेवढी सकाळी घडी करून पिशवीत ठेवलेली असायची.

आता विजेचं. काढलेला माल हे पेक्टिनच, हे कशावरून? चिकट पावडर काय, डिंकाचीही होते. पुण्याला आमच्या सरांनी एक नवी पद्धत शिकवली होती. फिल्टर पेपरची लांब पट्टी घ्यायची, क्षाराच्या पाण्यानं ओली करायची, तिची दोन टोकं दोन भांड्यांतल्या त्याच पाण्यात सोडायची. मध्यावर आपल्या पदार्थाचा एक थेंब ठेवायचा आणि एका भांड्यात धन, एका भांड्यात ऋण अशी वीज सोडायची. पेक्टिनमध्ये आम्लाच्या कड्या असतात, त्यामुळे पाण्यात त्यावर ऋण भार येतो, आणि धन टोक त्याला ओढून घेतं. ज्याच्यावर भार नाही, ते आपलं जागच्या जागी, फार तर केसभर मागं. जितका भार, तितकी चाल. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. सरांकडे त्यासाठी परदेशी यंत्र होतं आणि त्याला हात लावायचा तर आधी हात धुऊन यावं लागे.

माझ्याकडे काय होतं? फोटोग्राफरकडून मागून आणलेल्या चिनी मातीच्या दोन तसराळ्या, ज्यांत तो फोटो धुवायचा. बॅटरीच्या जुन्या सेलांतून काढलेल्या कोळशाच्या कांड्या. खिडकीच्या दोन काचा. फिल्टर पेपर आणि रंग तेवढे पुण्याहून मागवले. राहिली वीज. कारखान्यापर्यंत तारा आल्या नव्हत्या, आणि तारांतली वीज आली असती तरी ती सारखी दिशा बदलणारी, माझ्या कामाची नव्हे. पण काकांच्या घरी रेडिओ होता, बॅटरीवरचा. चांगला विटेएवढा नव्वद व्होल्टचा ठोकळा. असे तीन जोडले की काम भागत होतं. एक काकांचा, दोन मी त्यांच्या ओळखीवर गावातून उचलून आणले. संध्याकाळी काकांच्या ओटीवर बातम्या ऐकायला माणसं जमायची, ती माझ्या नावानं बोटं मोडत घरी गेली. मला पहिल्याच दिवशी असा झटका बसला, की हात खांद्यापर्यंत बधिर झाला. कुणाला सांगितलं नाही, नाहीतर खोली गेली असती.

पहिल्यांदा पट्ट्या चालवल्या तो दिवस मी विसरायची नाही. एका पट्टीवर परदेशी पेक्टिन, काकांनी कुठूनसा एक डबा मिळवला होता त्यातलं. दुसरीवर माझं, फणसाचं. सकाळी वीज जोडली, दुपार टळेपर्यंत खोलीत त्या क्षाराच्या पाण्याचा व्हिनेगरसारखा वास भरून राहिला आणि मी काचांवर ओली फडकी टाकत बसले, कारण मे महिन्यात कागद वाळायला कितीसा वेळ लागतो? मग पट्ट्या सुकवून निळ्या रंगात बुडवल्या आणि धुतल्या. सगळा कागद फिका झाला आणि दोन्ही पट्ट्यांवर एकेक जांभळट पट्टा उरला. दोन्ही धन टोकाकडे गेलेले, दोन्ही शेजारी शेजारी, जणू हातात हात घालून निघाले होते. काकांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग म्हणाले, आपला फणस विलायतेच्या बरोबरीनं चालला की गो बाय. मला तर आनंदानं रडूच आलं आणि रडताना पकडली गेले म्हणून रागही आला.

त्यानंतर मी मुंबईला पाठवायचा नमुना केला. नवं चारखंड, स्वच्छ भांडी, सगळं डोळ्यात तेल घालून. पावडर पांढरीशुभ्र नाही, पण चांगली सायीच्या रंगाची निघाली. काचेच्या बरणीत भरून ती बोटीनं गेली. तिची पट्टी काही मी चालवली नाही. रेडिओच्या बॅटऱ्या परत करायला लोक मागं लागले होते, आणि माल तोच, हात तेच, पद्धत तीच, मग पुन्हा काय बघायचं?

उत्तर टपालानं येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी बंद व्हायला आलेल्या बोटींपैकी एका बोटीनं जॅमवाल्यांचे केमिस्ट स्वतःच आले. पडावातून धक्क्यावर उतरले तेव्हा बोट लागून त्यांचा चेहरा हिरवा पडला होता. कारखान्यात आल्यावर त्यांनी पाणी प्यायलं, बॅगेतून माझीच बरणी काढली, चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवली आणि वर आयोडीनचा थेंब टाकला. पाणी निळं झालं. आयोडीननं निळं होतं ते पिष्ट. म्हणजे तांदळाचं पीठ म्हणा, खळ म्हणा. त्यांनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि शांतपणे सांगितलं, की ही भेसळ आहे. फणसाचं पेक्टिन म्हणून पीठ विकायचा प्रकार आहे, आणि हे समक्ष सांगावं म्हणून ते मुद्दाम आले, कारण काकांचं नाव त्यांनी चांगलं ऐकलं होतं.

काकांचा चेहरा खाडकन उतरला. भर बाजारात ज्याच्या शब्दावर माल उचलला जायचा, तो माणूस. आणि माझं काय झालं ते काय सांगू? पायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मला अडाणी म्हटलं असतं, मुलगी म्हणून नाक मुरडलं असतं, तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण भेसळ? एकदा हा शब्द चिकटला की पुन्हा कुणी मला प्रयोगशाळेच्या पायरीवर उभं करणार नव्हतं, रत्नागिरीतही नाही आणि पुण्यातही नाही. मी म्हटलं, "परतीच्या बोटीपर्यंत थांबा. तुमचं पीठ आणि माझं पेक्टिन वेगवेगळं करून तुमच्यासमोर ठेवते." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती, त्यांना तसंही थांबणं भागच होतं.

काकांच्या ओटीवरचा रेडिओ पुन्हा मुका झाला. मी तीन पट्ट्या लावल्या. परदेशी पेक्टिन, बरणीतला नमुना आणि तांदळाची खळ. केमिस्टसाहेब स्टूल ओढून बसले आणि उठले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दुपार गेली. मी पट्ट्या सुकवल्या, प्रत्येक पट्टी मधोमध उभी कापली, एक भाग निळ्या रंगात घातला आणि दुसऱ्यावर आयोडीन फवारलं.

परदेशी पेक्टिन पुढं गेलं होतं. खळ जिथं ठेवली तिथंच बसली होती. आणि माझ्या नमुन्याचे दोन भाग झाले होते. एक जांभळा पट्टा, परदेशी पेक्टिनच्या बरोबरीनं पुढं गेलेला, चांगला दाट. आणि एक निळा ठिपका, लहानसा, खळीच्या शेजारी जागेवर बसलेला. साहेबांनी पट्टी उजेडाकडे धरली. पेक्टिन खरं आहे, म्हणाले, आणि चांगलंही आहे. मी श्वास सोडणार तोच पुढचं वाक्य आलं, की चांगल्या पेक्टिनमध्ये पीठ घातलं तर त्यालाच भेसळ म्हणतात.

खरंच होतं ते. आधीच्या, म्हणजे पहिल्या पट्टीच्या वेळच्या, मालातलं थोडं उरलं होतं. त्यावर आयोडीन टाकलं, तर निळं होईना. आता तर आणखीच पंचाईत झाली. फणसाचा दोष असता तर दोन्हीकडे दिसला असता. मुंबईला पाठवलेल्या मालातच तेवढं पिष्ट होतं. याचा अर्थ साहेबांच्या मनात काय आला असेल, ते मला त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. मी पाणी तपासलं, आम्ल तपासलं, स्पिरिट, भांडी, वाळवायची ताटं, खलबत्ता, सगळ्यावर आयोडीन टाकलं. पिशवीतली फडकी तपासली. काही नाही. साहेब मुक्कामाला गेले. काका हळूच म्हणाले, बाय, आठळ्या पडल्या असतील म्हणून सांग ना. आठळीत पीठ असतं, शास्त्राला धरून आहे, त्याला पटेल. पण आठळ्या मी स्वतः निवडून काढल्या होत्या. त्या पडल्या नव्हत्या. मी घरी निघाले.

घरी आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मागच्या पडवीत आई वडिलांचा कोट खळीत बुडवत होती. पातेल्यात पातळ, दुधाळ खळ, तांदळाची. ती हातांनी कोट दाबत होती आणि मी उंबऱ्यात उभी राहून बघत राहिले. मग मी जरा जोरातच विचारलं, की माझ्या फडक्यांना कधी खळ घातली होतीस का. खरं तर ओरडलेच.

आईनं मान वर केली नाही. म्हणाली, "रोजच्या फडक्याला कोण गो खळ घालतं? एकदाच घातली. तुझा मुंबईचा माल करायचा होता ना, त्या दिवशी."

मी उंबऱ्यातच खाली बसले. आई पुढं सांगत होती, की मोठ्या माणसांसमोर जायचं काम, त्याचं कापड मरतुकडं कसं द्यायचं, वडील कलेक्टरसाहेबांसमोर जातात तेव्हा तिनं कधी नरम कोट दिला नाही, आणि माझं काम काय त्यांच्यापेक्षा कमी होतं का. दाट खळ घातली होती आणि वर लोखंडी इस्त्री फिरवली होती. फडकी हाताला कडक लागली होती खरी, पण मी समजले, उन्हात वाळल्यानं असेल. गरम आंबट पाण्यानं ती सगळी धुऊन निघाली आणि थेट माझ्या पेक्टिनमध्ये गेली. स्पिरिटमध्ये पेक्टिन वर येतं तसं पिष्टही येतंच. मला रागानं काहीतरी बोलायचं होतं, वाक्य तोंडात तयार होतं. ते गिळून टाकलं. पहिल्यांदाच तिच्याकडून कळत होतं, की माझ्या कामाला ती काय समजते.

मग मी तिला सगळं सांगितलं. भेसळीचा शब्दसुद्धा सांगितला. तिनं कोट पिळला, दांडीवर टाकला, सुरकुत्या ओढून काढल्या. म्हणाली, उद्या मी येते.

सकाळी आई नऊवारी नेसून, अंबाडा घट्ट बांधून, पातेल्यात खळ घेऊन माझ्याबरोबर कारखान्यात आली. काकांना काही कळेना. त्यांनी मला बाजूला घेऊन पुन्हा आठळ्यांचं सुचवलं, बिचारे माझ्या भल्यासाठीच. मी म्हटलं, काका, एवढं खरं कारण हातात असताना खोटं कशाला सांगू? आणि साहेब आल्यावर मी त्यांना सरळ सांगितलं, "ही माझी आई. खळ हिनं घातली. का घातली ते तिलाच विचारा, आणि कशी घातली ते तुमच्यासमोर घालून दाखवेल."

साहेबांना असल्या साक्षीदाराची सवय नसावी. आईनं एक फडकं खळीत बुडवलं, उन्हात टाकलं, इस्त्री मागवली. मे महिन्याचं ऊन, फडकं बघता बघता पापडासारखं कडक झालं. मी आधीच्या चांगल्या मालातलं पेक्टिन गरम आंबट पाण्यात विरघळवलं. निम्मं साध्या फडक्यातून गाळलं, निम्मं आईच्या फडक्यातून, आणि दोन पट्ट्या लावल्या. आई भिंतीला टेकून बसली आणि तसराळ्यांवरून नजर हलवली नाही. मध्येच तिनं विचारलं, आत काही चाललेलं दिसत का नाही. मी म्हटलं, चाललंय, पण दिसायला रंग लागतो.

दुपारी रंग लागला. साध्या फडक्याच्या पट्टीवर एकटा जांभळा पट्टा, पुढं गेलेला. मागं काही नाही, आयोडीन टाकून टाकून कागद पिवळा पडला तरी काही नाही. आईच्या फडक्याच्या पट्टीवर तसाच जांभळा पट्टा, आणि मागं जागेवर निळा ठिपका. बरणीतल्या नमुन्याच्या पट्टीशेजारी ती ठेवली, तर दोघींत डावं-उजवं करायला जागा नव्हती.

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग स्टुलावरून उठले, आईसमोर हात जोडले आणि म्हणाले, भेसळ हा शब्द मी मागं घेतो. आई उठून उभी राहिली, पदर सावरला. "मागं घेऊन काय करू?" ती म्हणाली. "माल चोख आहे असं लिहून द्या."

त्यांनी तिथंच, माझ्या टेबलावर बसून, चारखंडाच्या वासात लिहून दिलं. नवा नमुना बोटी सुरू झाल्यावर पाठवा, आणि जमलं तर या पट्ट्यांची पद्धतही सोबत लिहून पाठवा, असं मला वेगळं सांगितलं, कारण त्यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत ती अजून कुणी करत नव्हतं. हे वाक्य मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. ऐकू आलं नाही असं म्हटलं. काका त्यांना पडावापर्यंत पोचवायला गेले ते छाती काढून, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले असणार, मला खात्री आहे.

खोलीत आम्ही दोघीच राहिलो. मी तसराळ्या रिकाम्या करत होते. आईनं पट्टी हातात घेतली, दोन्ही टोकांना धरून, ओली नाही ना हे बघून.

"हा पुढं गेलेला तुझा," ती म्हणाली, "आणि हा जागेवर बसलाय तो माझा?"

मी हो म्हटलं.

तिनं पट्टी थोडी लांब धरून पाहिली, मग जवळ आणून पाहिली. "बरं आहे," ती म्हणाली. "दोघी चालायला लागलो असतो, तर घरी कोण राहिलं असतं?"

मग तिनं पट्टी माझ्याकडे दिली, पातेलं उचललं आणि विचारलं, की उद्याची फडकी धुवायची आहेत ना. नवा नमुना पास झाला, खोली माझी झाली, दारावर पाटी लागली, पुढं कितीतरी वर्षं मी तिथं पट्ट्या चालवल्या. आयोडीनचा निळा ठिपका काही दिवसांतच उडून गेला, तो तसाच जातो. जांभळा पट्टा अजून आहे. फडक्यांना आईनं पुन्हा खळ घातली नाही. माझ्या पांढऱ्या कोटाला मात्र घालायची, इतकी दाट, की पहिल्या दिवशी मला त्याच्या बाह्यांत हात घालायला तिनंच मदत केली.